सरळ रेघेचा कारखाना

९ जानेवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि पत्राला दीड महिना लावल्याबद्दल एक चापट.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते, असं आप्पांचं म्हणणं आहे. पंचवीस वर्षं कारखान्यांच्या मोटारींशेजारी उभं राहून सांडपाण्याचे नमुने घेतले, त्याचं हे बक्षीस. म्हणून आपलं पत्रच बरं. आप्पा ठीक आहेत. सकाळी भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचतात आणि आमच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयाबद्दल काही छापून आलं की तेवढा तुकडा कापून माझ्या डब्याखाली ठेवतात. कौतुकाचा तुकडा अजून एकही निघालेला नाही.

गुडघ्यांमुळे साहेबांनी मला फिरतीवरून काढून पडद्यासमोर बसवलं आहे. तुझ्यासारखी माणसं कारखान्यांच्या पाण्यात मीटर बसवतात, त्यांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी माझ्यासमोर येतात. एकशे बारा कारखाने, एकशे बारा रेघा. बहुतेक रेघा आजाऱ्याच्या तापासारख्या वरखाली. एक मात्र बघण्यासारखी आहे. तुमच्या गावचाच कारखाना, निळ्या धुराड्याचा, कापड रंगवणारा. त्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. आज लाल कापड रंगवा, उद्या काळं, बाहेर पडणारं पाणी पिण्याच्या पाण्याइतकं स्वच्छ. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी म्हटलं, उन्हाळ्यात आपलं पिंप तिथूनच भरून आणू या. तीन दिवस आम्ही त्यावर हसतोय. इथे हसायला दुसरं काही नाही.

आप्पांच्या सूनबाईला आणि तिच्या भावाला विचारलं म्हणून सांग. लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर लवकर लिही.

तुझी ताई


१७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चापट पोचली. कामच फार आहे. आमच्या ठेकेदाराने नऊ कारखान्यांच्या मीटरांची देखभाल घेतली आहे आणि माणसं ठेवली आहेत दोन. त्यातला एक पाठदुखीने घरी, म्हणजे मी एकटाच. हिचं शिवणकाम बरं चाललं आहे. पुढची खोली कापडाच्या तुकड्यांनी भरली आहे, चालताना पायाला दोरे गुंडाळतात.

तू त्या सरळ रेघेचं लिहिलंस. हिला वाचून दाखवलं, ती हसली. मीटर कधीकधी अडकतात गं. सेन्सरवर शेवाळ चढतं, वायर सैल होते. तू फार मनावर घेऊ नकोस. या वयात डोळ्यांना किती ताण द्यायचा.

सहज विचारतो, मीटर चुकीचा आकडा दाखवत असेल तर तुमच्या कायद्यात दोष कोणाचा धरतात? कारखान्याचा, की मीटर सांभाळणाऱ्याचा? परवा आमच्यात चहाला यावरून वाद झाला म्हणून विचारलं.

आप्पांना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा खटपट्या


२५ जानेवारी

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

सेन्सरवर शेवाळ चढलं की रेघ हळूहळू सरकते, सरळ राहत नाही. हे मला तूच शिकवलंस, मागे सुट्टीत जेवणाच्या टेबलावर मीटर उघडून. विसरलास की काय?

तुमच्या चहाच्या वादाचं उत्तर असं. कारखान्यात गुन्हा झाला तर चालवणारा जबाबदार. पण त्याने दाखवून दिलं, की हे माझ्या नकळत झालं, तर तो सुटतो. आणि मीटरमध्ये जाणूनबुजून फेरफार केला असेल, तर ज्याच्या हाताने केला तोही गुन्हेगार. लिहिणाऱ्याने नीट लिहिलं आहे. फक्त वरचा माणूस दारातून निघून जातो आणि खालचा दारात अडकतो, हे मी खूपदा पाहिलं आहे.

त्या कारखान्याचं हसू आता माझ्या अंगाशी आलं आहे. जुनी फाईल काढली तर ती माझीच निघाली, तेव्हा नाव आणि धुराड्याचा रंग वेगळा होता म्हणून ओळखलं नाही. नाल्याच्या खालच्या अंगाला एक नवराबायको रोपवाटिका चालवतात. त्यांच्या विहिरीला रंग येतो, रोपं मुळापासून जळतात. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या तक्रारीवरून मी गेले होते. कारखान्याने फाटक उघडलं नाही, म्हणून मी नाल्यातून नमुना घेतला. कोर्टात पहिल्याच तासाला निकाल लागला. नमुना कारखान्याच्या माणसासमोर घेऊन त्याचे दोन भाग करायला हवेत, दोन्ही बाटल्यांना सील हवं, सह्या हव्यात. माझ्या बाटलीवर एकटीची सही. रोपवाटिकेच्या बाई कोर्टाच्या पायरीवर मला म्हणाल्या की तुम्ही एवढ्या लांबून आलात, चहा तरी घेऊन जा. तो चहा मला अजून पचलेला नाही.

रेघ संशयास्पद आहे असं टिपण मी साहेबांकडे पाठवलं आहे. पुढे काय होतं बघू. काही होत नाही असंच बहुधा होईल.

तुझी ताई


३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटीने वाच. आप्पांना दाखवू नकोस.

तो मीटर माझ्याकडे आहे. सेन्सर नाल्याकडे जाणाऱ्या पाण्यात नाही. मीटरच्या खोलीत एक हिरवी बादली आहे, तिच्यात नळाचं पाणी आहे आणि सेन्सर त्या बादलीत आहे. दर सोमवारी मी पाणी बदलतो, नाहीतर त्याला वास येतो. चौदा महिने झाले.

सुरुवात अशी झाली. त्यांच्या शुद्धीकरणाच्या टाकीतल्या दोन मोटारी जळाल्या. व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं की नव्या मोटारी यायला पंधरा दिवस लागतील, तेवढे दिवस आकडे बिघडायला नकोत, काहीतरी कर. मी बादली ठेवली. मोटारी आल्याच नाहीत. टाकी कोरडी पडली. रंगाचं पाणी मागच्या अंगणातल्या लोखंडी झाकणाखालून सरळ नाल्यात जातं. दोनदा मी त्यांना म्हटलं की आता पुरे. दुसऱ्या वेळी त्यांनी हिच्या भावाची चौकशी केली. तो तिथेच रंगारी आहे, मीच त्याला चिकटवलं होतं. कसा आहे काम करायला, एवढंच विचारलं. मला समजलं.

देखभालीच्या वहीत दर आठवड्याला ‘सेन्सर ठीक’ लिहून सही माझी आहे.

तुझं पहिलं पत्र मी हिला वाचून दाखवलं नव्हतं. ते खोटं लिहिलं. तुम्ही दोघी बाया तिकडे तीन दिवस ज्याच्यावर हसलात तो मी. आता काय करू ते लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

तुझा
खटपट्या


२१ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
आशीर्वाद, नेहमीचेच.

तुझं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. रोज कार्यालयात जाऊन ती रेघ पाहायची आणि घरी येऊन आप्पांना सगळं ठीक म्हणून सांगायचं, एवढंच केलं. एकदा पत्र गॅसपर्यंत नेलं. परत आणून कपाटात ठेवलं. मी इतकी दमले आहे की नीट रागावताही येत नाही.

काल साहेबांना लेखी दिलं की या कारखान्याचा मीटर माझा सख्खा भाऊ सांभाळतो, म्हणून ही फाईल माझ्याकडून काढावी. त्यापलीकडे एक अक्षर लिहिलं नाही. तुझ्या पत्राबद्दल सांगितलं नाही. ते सांगणं तुझं आहे. आणि ते न सांगून मी कामाला चुकले आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू मला धीर द्यायला जाऊ नकोस.

फाईल आता माझ्या हाताखाली शिकलेल्या एका तरुण बाईकडे गेली आहे. ती गुडघ्यांनी धड आहे आणि कोणाचा चहा घेत नाही. ती कधी जाईल ते मला माहीत नाही, माहीत असतं तरी लिहिलं नसतं.

काय करू म्हणून विचारलंस. एकदा ती रोपवाटिका बघून ये.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,
नमस्कार.

तुमच्या भावाच्या नकळत लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून ते जेवत नाहीत. मला सगळं आत्ता समजलं. नवऱ्याने बहिणीला आधी सांगितलं आणि बायकोला नंतर, याचा राग मी बाजूला ठेवते.

वन्सं, तुम्ही मोठ्या, शिकलेल्या. पण कायदा तुमच्या टेबलावर असतो आणि त्याचा दणका आमच्या दारात येतो. कारखाना बंद झाला तर माझा भाऊ घरी बसेल, त्याच्यासारखे दोनशे बसतील. या गल्लीत सात घरं त्या कारखान्यावर आहेत. त्यांना कोण सांगणार की माझ्या नणंदेला रेघ सरळ दिसली? त्या नाल्याला वास मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. तुमच्या एका बाटलीने तो जाणार नाही.

माझी एकच विनंती आहे. ते पत्र जाळून टाका. दुसरं काही मागत नाही.

तुमची भावजय


१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिने तुला लिहिलं ते मला काल सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तिचं कुठलंच वाक्य खोटं नाही.

तू म्हणालीस म्हणून एका रविवारी रोपवाटिकेत गेलो. गिऱ्हाईक म्हणून गेलो, दुसरं काय सांगणार. बाईंनी सगळं फिरून दाखवलं. विहिरीत वाकून पाहिलं तर पाणी जांभळट. मी गुलाबाचं एक रोप घेतलं. बांधून देताना त्यांनी बजावलं की आमच्याकडचं पाणी याला लागलेलं नाही, तुम्हीही नळाचंच घाला. आणि त्या रोज सकाळी दोन गल्ल्या पलीकडच्या नळावरून घागरी भरून आणतात, असं सहज सांगितलं. ताई, मी पंधरा महिने नळाचं पाणी बादलीत ओतत होतो.

तुमच्या बाई मंगळवारी सकाळी अकराला आल्या, दोन माणसं आणि बाटल्यांची पेटी घेऊन. व्यवस्थापक हसतमुख. त्यांनी पाणी सोडायची पुढची जागा दाखवली, तिथे नळाचं पाणी सोडलेलं होतं. मग मीटरची खोली. बादली मी सकाळीच कापडाने झाकली होती, सवयीने. बाईंनी रेघेचा कागद काढला आणि विचारलं की मीटर कोण बघतं. व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं की असं काही बोलायचं तर छाती धडधडेल. तसं काही झालं नाही. खूप चालून आल्यावर माणूस ओझं खाली ठेवतो, तसं वाटलं. मी कापड काढलं.

मी म्हटलं, “सेन्सर या बादलीत आहे, मीच ठेवला. खरं पाणी मागच्या अंगणात आहे. चला, दाखवतो.”

झाकण दोघांनी मिळून उचललं. खाली गडद निळं पाणी वाहत होतं, वाफ येत होती. तुमच्या बाईंनी तिथेच नमुना घेतला, सगळ्यांसमोर दोन भाग केले, लाख लावली. व्यवस्थापकांनी सही करायला नकार दिला. बाईंनी शांतपणे नियम वाचून दाखवला की तुम्ही नाकारलंत एवढ्याने नमुना बाद होत नाही, नकाराची नोंद होते. मग व्यवस्थापकांनी सही केली. हजर असलेला म्हणून खाली मी केली. पंधरा महिन्यांतली पहिली खरी सही.

जाताना व्यवस्थापक माझ्या कानाशी एवढंच बोलले, “आता वही आम्ही दाखवू.”

ठेकेदाराने संध्याकाळी मला कामावरून काढलं.

तुझा खटपट्या


४ एप्रिल

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

नमुन्याचा अहवाल आला. तो फाईलबाहेरच्या माणसाला सांगायचा नाही, आणि आता मीही फाईलबाहेरचीच आहे. पण कारखाना बंद करण्याचा हुकूम तू फाटकावर चिकटवलेला वाचला असशीलच. वीजही तोडली म्हणे.

इथे कोणी पेढे वाटले नाहीत. साहेब म्हणाले की आता दोन महिने फोन येत राहतील, वरून आणि खालून. तरुण बाई मात्र माझ्या टेबलापाशी येऊन थोडा वेळ उभी राहिली आणि तुमचा भाऊ नसता तर झाकण मिळालं नसतं असं म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होते. आप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंग पुसलं. मग म्हणाले की लहानपणी तो घड्याळं उघडायचा आणि उरलेला स्क्रू लपवून ठेवायचा, या वेळी त्याने स्क्रू आणून दिला. हे तुला कळवायला सांगितलं आहे.

सूनबाईंना म्हणावं, मी रागावलेली नाही. उत्तर लिहायला तोंड नाही, एवढंच.

तुझी ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारखाना बंद होऊन महिना झाला. हिचा भाऊ आमच्याकडेच असतो दिवसभर. माझ्याशी बोलत नाही, पण कापडाचे तुकडे उचलून ठेवतो. गल्लीत मी दिसलो की ओट्यावरची माणसं एकमेकांकडे बघतात. किराणावाल्याने परवा माझं सामान न बोलता बांधलं. मला त्यांचा राग येत नाही.

काल कोर्टाचं समन्स आलं. आरोपी एकच, मी. कारखान्याचं म्हणणं असं की देखभाल ठेकेदाराची, बादली माझ्या हातची, वहीत सही माझी. आळशीपणाने मीच ती सोय केली आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मोटारी जळाल्या तेसुद्धा मी लपवलं म्हणे. व्यवस्थापकांनी मला जे सांगितलं ते तोंडी होतं, खोलीत आम्ही दोघंच. वकील म्हणाले की तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा, आणि तुमचा शब्द तुम्ही आधीच पंधरा महिने खोटा लिहून ठेवला आहे.

तू लिहिलं होतंस, वरचा दारातून निघून जातो. तो निघाला आहे. असो. मी केलं ते मी भोगेन. तुला कळावं म्हणून लिहिलं, काही करावंस म्हणून नाही.

तुझा खटपट्या


९ मे

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

तुझं तीन फेब्रुवारीचं पत्र मी आज तुझ्या वकिलांकडे रजिस्टर टपालाने पाठवलं, पाकिटासकट. पाकिटावर टपालाचा शिक्का आहे. तपासणीच्या सव्वा महिना आधी तू लिहिलं आहेस की मोटारी केव्हा जळाल्या, कोणी काय सांगितलं, कोणाची चौकशी केली. सुटायची वेळ आल्यावर रचलेली ही गोष्ट नाही, हे शिक्क्यावरून कोणालाही समजेल. मूळ प्रत कोर्टासाठी, एक नक्कल मी माझ्या साहेबांना दिली.

साहेबांनी नक्कल वाचली, तारीख वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की हो, पाच फेब्रुवारीपासून मला माहीत होतं. तेवढे दिवस त्या विहिरीत रंग जात होता आणि मी कपाटाला कुलूप लावून बसले होते. चौकशी बसेल. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आता किती ते मोजत नाही.

तू उलट टपाली रागावून लिहिणार, म्हणून आधीच सांगते. हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझ्यासाठी करायचं तर मी ते पत्र जाळलं असतं. आता कोर्टात उभा राहिलास की सगळं खरं सांग, मी ठेवून घेतलं तेसुद्धा.

तुझी
ताई


१९ ऑगस्ट

ती. वन्सं यांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचे भाऊ पत्र लिहायला बसतात आणि दोन ओळींवर उठतात, म्हणून मीच लिहिते. कोर्टाचा हुकूम काल झाला. पत्र वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी व्यवस्थापक आणि मालक दोघांनाही आरोपी केलं. त्यांचा खटला आता वेगळा चालेल. चालेल म्हणजे तारखा पडतील, असं वकील म्हणाले. आमच्यांनी गुन्हा कबूल केला. त्यांना समज देऊन सोडलं, पण तीन वर्षं मीटरच्या कामाला हात लावायचा नाही. सध्या ते पंप दुरुस्त करतात. हात काळे असतात, झोप लागते.

कारखाना जुलैत सुरू झाला. नव्या मोटारी बसल्या, टाकी भरली. माझा भाऊ कामावर परतला. नाल्याचं पाणी आता निळं नसतं, करडं असतं. वरच्या अंगाला अजून दोन कारखाने आहेत. रोपवाटिकेची विहीर निवळायला सात-आठ वर्षं लागतील असं तुमच्या तरुण बाई सांगून गेल्या. ते ऐकून रोपवाटिकेच्या बाईंनी मान हलवली आणि घागर उचलून नळाकडे गेल्या. मी समोरच उभी होते.

तुम्हाला सक्तीने निवृत्त केल्याचं आप्पांच्या पत्रातून समजलं. तुम्ही लिहिलं नाहीत. मी तुम्हाला पत्र जाळा म्हटलं होतं. जाळलं असतंत तर तुम्ही आज कामावर असता आणि हे आत. मला तुमचं सगळंच पटलं आहे असं नाही. दोनशे घरांचे ते तीन महिने मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका. पण जे मागितलं ते चुकीचं मागितलं, एवढं मला लिहायचं होतं.

शिवणयंत्र मी स्वयंपाकघरात हलवलं आहे. पुढची खोली झाडून घेतली, खिडकीला पडदा लावला, दोन खाटा मावतात. आप्पांना वर्तमानपत्र वाचायला तिथे सकाळचं ऊन येतं. कार्यालयाचं घर तुम्हाला महिनाअखेर सोडायचं आहे ना? सामान बांधायला हे शनिवारी येतील. किती दिवस राहणार ते मी विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका.

तुमची भावजय